पाव फेऱ्याची साक्ष

मी एका नावेच्या शेपटातला प्लग बोलतोय. पण बोलायला लागण्याआधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मला आठवतं ते खरंच तसं घडलं, की इतक्या वर्षांत मनाशी घोळवून घोळवून मीच ते तसं करून घेतलं, हे मला नीट सांगता येत नाही. त्यातही एक गोष्ट मला फार छळत आली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुशीलनं माझ्या डोक्यावरच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घातला आणि मला पाव फेरा फिरवलं. पाव फेरा, हे पक्कं. पण उजवीकडे की डावीकडे?

उजवीकडे फिरवला म्हणजे घट्ट केला. डावीकडे म्हणजे सैल केला. एवढ्याशा गोष्टीवर एका माणसाचं नाव आणि नोकरी टांगलेली होती, आणि ज्याला फिरवलं त्या मलाच ती सांगता येत नव्हती. माझी अडचण अशी की मी बाहेर तोंड करून बसलेला. तुमचं उजवं ते माझं डावं. हिशेब लावायला गेलो की दर वेळी उत्तर वेगळं यायचं.

मी कोण ते आधी सांगतो. अंगठ्याच्या पेराएवढा माझा आकार. डोक्यावर खाच, अंगावर आटे, गळ्यात एक वायसर आणि टोकाला छोटासा लोहचुंबक. काही नावांचं इंजिन नावेच्या पोटात असतं आणि मागच्या भिंतीतून एक जाडजूड पाय पाण्यात उतरलेला असतो. त्या पायात दात्यांची चाकं असतात, टोकाला पंखा असतो. इंजिन चाकं फिरवतं, चाकं पंखा फिरवतात, नाव पुढे जाते. पुस्तकात या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. आमच्या तलावावरचे लोक त्याला सरळ शेपूट म्हणायचे. शेपटातली चाकं तेलात बुडालेली असतात. ते तेल दर वर्षी बदलावं लागतं, आणि ते काढायचं भोक अगदी खाली असतं. त्या भोकात मी.

म्हणजे माझं डोकं बाहेर पाण्यात आणि पाय आत तेलात. आतलं आणि बाहेरचं दोन्ही ठाऊक असलेला तिथे मी एकटाच. अशा जागी बसलेल्या कुणाचाही स्वभाव बिघडेल.

त्यात तो लोहचुंबक. चाकं झिजली की लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो. तो धरून ठेवायचा आणि वर्षातून एकदा बाहेर आल्यावर दाखवायचा. थोडक्यात सांगायचं तर, संशय घेणं हे माझं नेमून दिलेलं काम.

माझी पहिली काही वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर गेली. तिथल्या मालकानं पर्यटकांना फिरवायला नाव घेतली होती. सहा वर्षांत त्यानं मला एकदाच बाहेर काढलं, तेलाकडे पाहिलं, “चालतंय” म्हणाला आणि त्याच जुन्या वायसरासकट पुन्हा आत बसवलं. “चालतंय” या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

मग एके दिवशी आमची नाव ट्रकवर चढली आणि समुद्राकडे पाठ करून तीन दिवस चालत राहिली. नागपूरच्या अलीकडे बुटीबोरीजवळ ट्रक चहाला थांबला, तेव्हा एका ऑटोवाल्यानं मान वाकडी करून विचारलं, “काहो, समुद्र मांगून येऊन राहिला का?”

“समुद्राले परमिट नाही भेटलं,” आमचा ड्रायव्हर म्हणाला. “म्हून नाव पुढं पाठवली.”

नाव विकत घेणारे गृहस्थ होते मधुसूदन वझलवार. धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राहायला नागपुरात नंदनवनला. त्यांना सगळे सर म्हणायचे. उमरेड रस्त्यावरून आत गेलं की एक तलाव लागतो, त्याचं नाव सांगत नाही. तो दर वर्षी किती गाळानं भरतो हे सरांना मोजायचं होतं. परवानग्या मिळवायला त्यांना अकरा महिने लागले. सरांना पोहता येत नव्हतं. ते काठावर पाऊल ठेवण्याआधीच तरंगण्याचं जाकीट घालायचे आणि उतरल्यावरही बराच वेळ काढायचे नाहीत.

नाव चालवायचा सुशील. तलावाकाठच्या गावातला, तिशीच्या आतला, पाण्यात वाढलेला. त्याची आई रंभाबाई रस्त्याच्या कडेला शिंगाडे विकायची. बुडणाऱ्या दोन माणसांना सुशीलनं या तलावातून ओढून काढलं होतं. त्याचा जीव एकाच गोष्टीत होता, बचाव पथकातली पक्की नोकरी. तिथल्या अर्जाला इंजिनाच्या नावेवर तीन वर्षं काम केल्याचं पत्र लागायचं, आणि ते पत्र फक्त सरच देऊ शकत होते. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत सुशीलनं एकही खाडा केला नाही.

पहिल्या तेलबदलाचा दिवस मला चांगला आठवतो, किंवा निदान तसं वाटतं. नागपुरात नावेचा मेकॅनिक कुठून असणार? सरांनी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मारोतराव बोलावले. मारोतरावांनी शेपटाभोवती दोन चकरा मारल्या, वरचं भोक शोधलं आणि डबा उचलला.

“थांबा,” सर म्हणाले. “तेल वरून नाही भरायचं. खालून भरायचं. हातपंपानं.”

“खालून?” मारोतरावांनी डबा खाली ठेवला. “सर, मी चाळीस वर्सांपासून गेअर ऑइल टाकून राहिलो. वरतून टाकाचं, भरलं का सांडते. खालून कोनी भरते का जी?”

“वरून भरलं तर आत हवा अडकते. खालून भरलं की हवा वरच्या भोकातून निघून जाते. बुडबुडे थांबले की वरचं बंद करायचं, मग पंप काढून खालचा प्लग पटकन लावायचा. वरचं बंद असलं की खालून तेल पडत नाही.”

“पडन.”

“नाही पडणार. पुस्तकात दिलंय.”

तेल पडलं नाही. चार थेंब सांडले तेवढेच. मारोतराव भोकाखाली हात धरून बसले आणि मग सुशीलला म्हणाले, “पाह्य गा, शिकलेल्या मानसाचं तेलबी शिकलेलं असते.”

जुना वायसर काढून सरांनी नवा घातला. मग पांढरा रुमाल पसरून त्यावर माझं टोक पुसलं आणि भिंगातून पाहत बसले. कणांच्या आकारावरून कोणतं चाक कुठे दुखतंय ते त्यांना कळायचं. इतकं निरखून मला त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. हा आपल्यासारखा माणूस आहे, असं वाटलं.

सरांकडे नावेचं जाडजूड पुस्तक होतं. त्यांनी ते पानापानाला खुणा करत वाचलं होतं. त्यात एका पानावर लिहिलं होतं की वर्षातून एकदा पंखा काढून त्याच्या दांड्यावर गळाचा दोरा गुंडाळला गेलाय का ते पाहावं, कारण दोरा आतलं सील कापतो आणि तेलात पाणी शिरतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पान उलटलं. “हे आपल्याला लागू नाही. आपल्याकडे गळानं कोण मासे धरतं? इथे जाळी टाकतात.” सुशील हो म्हणाला. खरंच, त्या तलावावर गळ टाकून बसलेला माणूस मीही कधी पाहिला नाही.

दर वर्षी सरांच्या हातात आलं की त्यांचा स्वभाव अंगात उतरतो. नावेतल्या गप्पांतून कळायचं, ते घराला कुलूप लावून तीनदा ओढायचे आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. दूधवाल्याच्या दुधाचा एक थेंब रोज नखावर धरून पाहायचे. स्वतःवरही त्यांचा भरवसा नव्हता. आकडे लिहून ठेवायचे आणि मग आपणच ते बरोबर लिहिले का, याची शंका घेत पुन्हा मोजायचे.

तिसऱ्या वर्षी त्यांनी एक नवी गोष्ट केली. त्यांची मुलगी हिमानी नागपुरातच बेसाला राहायची. ती एका रविवारी तलावावर आली होती. सरांनी तिच्या पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि माझ्या डोक्यापासून वर शेपटाच्या धातूपर्यंत एक सरळ उभी रेघ ओढली.

“बाबा, प्लगला नेलपॉलिश?” हिमानी हसायला लागली. “मेंदी पण काढता का?”

“हसू नकोस. कारखान्यात अशीच खूण करतात. रेघ मोडली की समजायचं, कुणीतरी हात लावला.”

सुशील शेजारीच नावेचा दोर गुंडाळत होता. हात लावायला तिथे त्याच्याशिवाय होतं कोण?

पुढे जानेवारीत संक्रांत आली. हिमानीला लहानपणापासून पतंगाचं वेड. सरांनी ठरवलं, यंदा पतंग नावेतून उडवायचा. तलावाच्या मधोमध ना तारा, ना रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले. मांजानं कुणाचा गळा कापायला नको. मांजाही ते स्वतः सीताबर्डीच्या एका दुकानातून घेऊन आले होते. नावेत बसल्यावर तेच हिमानीला सांगत होते, “मी तीनदा विचारलं. नायलॉन नाही ना? तो म्हणाला, एकदम सुती आहे काका, कसम से.”

दुधाचा थेंब नखावर धरणाऱ्या माणसानं त्या दिवशी मांजाचं टोक काडीनं जाळून पाहिलं नाही. जाळलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण मुलगी आली होती, ऊन कोवळं होतं, तिळगुळाचा डबा उघडा होता. त्या एका दिवसापुरता सरांनी संशय नंदनवनला ठेवला होता.

दुपारी पतंग कटला. लांबलचक मांजा पाण्यावर पडला. सुशीलनं नाव मागे घेत घेत हाताला लागला तेवढा चक्रीवर गुंडाळला. उरलेला दिसेनासा झाला. त्याच वेळी माझ्या डोक्याजवळून काहीतरी मऊ सरकत गेल्यासारखं मला वाटलं. गुलाबी होतं बहुधा. की शेवाळ होतं? माझा लोहचुंबक जागचा हलला नाही, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. लोखंड नाही म्हणजे पुरावा नाही, अशी माझी समजूत.

फेब्रुवारीत सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ते आले नाहीत. एका सकाळी नाव धुताना सुशीलला शेपटामागे पाण्यावर तेलाचे रंग पसरलेले दिसले. त्यानं शेपूट वर उचललं, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि माझ्यावर बोट फिरवून पाहिलं.

“काहून गळून राहिलं बे?” तो स्वतःशीच म्हणाला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन मला पाव फेरा फिरवला. तोच तो पाव फेरा.

सरांचा डोळा बरा व्हायचा होता, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना फोन कशाला करायचा, असं त्याला वाटलं असावं. त्यानं फोन केला नाही.

मार्चमध्ये वर्षाचं तेल बदलायला सर आले. बरोबर मारोतराव, पंप, तेलाचा बंद डबा आणि हातातल्या पिशवीत सुशीलचं टाईप केलेलं पत्र. तीन वर्षं पूर्ण झाली होती. सर वाकले, नवा डोळा मिचकावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तसेच थांबले.

रेघ मोडली होती.

त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला. मग लगेच मला बाहेर काढायला सांगितलं. मी निघालो आणि माझ्यामागून तेल आलं. ते निळसर हिरवं यायला हवं होतं. आलं ते साईसारखं, फिकट, गढूळ.

“बाप्पा!” मारोतराव म्हणाले. “हा तर दुधाचा चहा निंगाला न सर.”

सरांनी ते बाटलीत भरून घेतलं, मला रुमालात गुंडाळलं आणि घरी नेलं. स्वयंपाकघरात एका जुन्या पळीत थोडं तेल घेऊन त्यांनी गॅसवर धरलं. तेल फोडणीसारखं तडतडलं. पाणी. मी ओट्यावर रुमालात पडून ऐकत होतो. सर गॅस बंद करून हळूच म्हणाले, “दुधात घालतात तसं.”

तेव्हाच त्यांचा निकाल देऊन झाला होता. काही विपरीत झालं की त्यामागे एक माणूस असतो, आणि तो पाणी घालतो. आयुष्यभर दूधवाल्यांशी भांडून त्यांना एवढंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तलावावर मला रुमालासकट पुढे धरून सर्वांसमोर त्यांनी विचारलं, “प्लगला हात कुणी लावला?”

“मीच लावला जी,” सुशील सरळ म्हणाला. “तेल सुटून राहिलं होतं, पान्यावर रंग दिसत होते. मले वाटलं ढिला झाला, म्हून कसला.”

“कसलास की काढलास?”

“काढून काय करू सर? त्याच्यात भजे तळू?”

मारोतराव फस्सकन हसले. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. सर सुशीलकडे वळले.

“चांगलं तेल काढून विकलंस आणि तलावाचं पाणी भरलंस.”

सुशीलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, तुमीच तं शिकवलं. खालून भराले पंप लागते. पंप तुमच्या घरी, नंदनवनले, कपाटात. मी पानी भरू कायनं? तोंडानं?”

उत्तर बिनतोड होतं. पण संशयी माणसाला बिनतोड उत्तराचाच जास्त संशय येतो. सर म्हणाले, “इतका विचार आधीच करून ठेवलायस, म्हणजे बघ.” आणि पिशवीतलं पत्र त्यांनी बाहेर काढलं नाही. “हे पत्र मी देऊ शकत नाही. खोटं प्रमाणपत्र मी आयुष्यात कुणाला दिलं नाही.”

“अर्जाची तारीख या शुक्रवारची हाय सर,” सुशील म्हणाला.

सरांनी पिशवी काखेत मारली.

आणि मी? मी सरांच्या बाजूनं होतो. हे लिहिताना, म्हणजे सांगताना, मला लाज वाटते. माझ्या टोकाला त्या वर्षी नेहमीचा कीस होता, म्हणजे चाकं ठणठणीत होती. मग पाणी आलं कुठून? ज्यानं मला फिरवलं त्याच्याकडेच बोट जाणार. मला जे चिकटतं तेवढंच मी खरं मानत आलो होतो. सील रबराचं आणि मांजा नायलॉनचा. मला दोन्ही चिकटत नाहीत.

शुक्रवार गेला. शनिवारी रंभाबाई सरांच्या दारात आली. एका हातात नावेची चाबी, दुसऱ्या खांद्यावर धुऊन वाळवलेली सहा जाकिटं.

“हे घ्या जी तुमची चाबी. जाकिटं पाहून घ्या, नाहीतर थे बी माह्या पोरानं विकले म्हनसान.”

“रंभाबाई, तुम्हाला यातलं तांत्रिक काही...”

“मले तांत्रिक नाही समजत. माह्या पोरानं या तलावातून दोन जीव काढले, थे मले समजते. तुमच्या डब्बाभर तेलात थो का महाल बांधनार होता जी?” ती वळली, चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. “येवढे शिकले तुमी सर. मानूस पाहाले नाही शिकले.”

सरांनी नवं तेल भरलं, नवा वायसर घातला, नवी रेघ ओढली. नाव ते स्वतः चालवायला लागले, काठाकाठानं, जाकीट घालून. जूनमध्ये शंका आली म्हणून पुन्हा तेल काढलं. पुन्हा साईसारखं. आणि या वेळी रेघ जशीच्या तशी होती.

मला वाटलं, आता तरी सरांना कळेल. मला कोणी हात लावला नव्हता आणि तरी पाणी शिरलं होतं. पण सर रेघेवर नख फिरवत हिमानीला फोनवर म्हणाले, “त्यानं रेघ पुन्हा काढली असेल. हा रंग बाजारात कुठेही मिळतो.”

पलीकडून हिमानी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सरांनी मात्र फोन ठेवून दिला आणि नावेवर ताडपत्री घातली. गाळ मोजायचं काम तिथेच थांबलं.

ताडपत्रीखाली पाच वर्षं गेली. इंजिनावर गांधीलमाश्यांनी घर केलं. माझ्या डोक्यावरची रेघ फिकट होत गेली. त्या अंधारात मी रोज तोच पाव फेरा आठवायचा प्रयत्न करायचो. कधी वाटायचं, उजवीकडे. कधी वाटायचं, सरांसारख्या माणसाची चूक कशी होईल? मग वाटायचं डावीकडे.

शेवटी हिमानीनंच नाव विकायचं ठरवलं. घेणाऱ्यानं आधी तपासणी हवी म्हटलं, म्हणून भोपाळहून नावांचा एक मिस्त्री आला. कृष्णकांत त्याचं नाव. त्यानं ताडपत्री काढली, माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ पंख्याकडे गेला.

“साब, ये पंखा आखरी बार कब खोला था?”

“कधीच नाही,” सर म्हणाले. “इथे गळ टाकत नाहीत.”

कृष्णकांतनं पाना घेतला. नट काढला, पंख्याला दोन हात देऊन ओढला. पंखा सुटला. दांड्यावर एक कडं बसलेलं होतं, गुलाबी, लाखेच्या बांगडीसारखं गच्च आणि चकचकीत. त्यानं चाकूच्या टोकानं ते उचकटलं. वेढ्यावर वेढे, घासून घासून एकमेकांत वितळलेले. त्याखाली सीलची कड दातानं कुरतडल्यासारखी कापली गेली होती.

“मांजा है,” कृष्णकांत म्हणाला. “नायलॉन का. यहीं से तेल बाहर, यहीं से पानी अंदर. प्लग का कोई कसूर नहीं.”

सरांनी एक टोक मागून घेतलं आणि काडी ओढली. सुती असता तर त्याची राख झाली असती. त्याचा काळा मणी झाला आणि टपकला. सरांनी दुसरी काडी ओढली, मग तिसरी. तिन्ही वेळा मणीच.

ते काठावरच्या दगडावर बसले. जाकीट घालायचं ते त्या दिवशी विसरले होते. हिमानी जवळ गेली तेव्हा एवढंच म्हणाले, “मांजा मी आणला होता, हिमानी.”

“मला माहीत आहे बाबा. उडवला मी होता.”

कृष्णकांतनं माझ्या जागी नवा प्लग बसवला आणि मला तेलकट चिंध्यांमध्ये टाकलं. सरांनी चिंध्या उपसून मला शोधून काढलं आणि त्या गुलाबी कड्यासोबत शर्टाच्या खिशात ठेवलं, चष्म्याच्या घराशेजारी.

सुशीलचा पत्ता रंभाबाईकडून मिळाला. तिनं तो दारात उभं राहूनच सांगितला. आत या म्हणाली नाही. सुशील आता ई-रिक्षा चालवतो, सीताबर्डीला मेट्रो स्टेशनच्या खाली उभा असतो. सर तीन दिवस लागोपाठ गेले आणि तिसऱ्या दिवशी तो भेटला. केस थोडे पांढरे झाले होते.

“या सर. कुठं सोडू?”

सरांनी खिशातून मला आणि ते कडं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. मग घडी घातलेलं पत्र पुढे केलं. पाच वर्षांपूर्वीचंच, फक्त आजची तारीख आणि खाली हातानं लिहिलेल्या चार ओळी.

“मी चुकलो, सुशील. पाणी या मांजामुळे गेलं. मांजा माझा होता.”

सुशीलनं कडं उलटसुलट करून पाहिलं. पत्र उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली. “वयाची हद तीन वर्सं आधीच निंगाली सर.”

मागे एक बाई दोन पिशव्या घेऊन येऊन बसली. “रेल्वे टेशन चालता का भाऊ?”

“चालतो बाई, एक मिनिट बसा.” सुशील सरांकडे वळला. “मांजाचं झालं. पन प्लगचं? मी कसला का काढला, थे तुमाले अजून मालूम नाही न?”

सरांना खरंच माहीत नव्हतं. आणि सुशीलच्या हातावर पडलेल्या मलाही नव्हतं.

“फोटो काढला होता तुमी. रेघ मोडली येवढंच पायलं. कोन्या बाजूनं मोडली, थे पाहाले नोको होतं?”

मला वाटतं, त्या क्षणी सरांना जेवढं लागलं तेवढं कड्यानंही लागलं नव्हतं. धातूचा प्राध्यापक, भिंगातून कण वाचणारा माणूस, आणि त्यानं रेघेची बाजू पाहिली नव्हती. त्यांनी मोबाईल काढून बोटं फिरवली, पण हा फोन नवा होता. “हिमानीकडे असेल,” ते म्हणाले. “जुने सगळे फोटो तिनं ठेवलेत. मी पाठवतो.”

“पाठवा,” सुशील म्हणाला. “आन् हा प्लग राहू द्या माह्याजवळ. आपला साक्षीदार आहे थो.”

साक्षीदार! मी काय साक्ष देणार?

तेव्हापासून मी इथे आहे. ई-रिक्षाच्या समोरच्या लोखंडी पट्टीला चिकटून परमिटची झेरॉक्स धरून ठेवतो. सुशील बऱ्यापैकी कमावतो, पण पावसाळ्यात तलावावर कुणी बुडाल्याची बातमी रेडिओवर लागली की तो आवाज कमी करतो. तेलाचा वास मला आता येत नाही. एवढी वर्षं लोकांवर संशय घेऊन मला काय मिळालं, याचा विचार करायला भरपूर वेळ आहे. तुमच्याही घरी एखादी मोडलेली रेघ असेल, आणि त्या रेघेपायी एखाद्या माणसाशी बोलणं थांबलेलं असेल. माझी एवढीच विनंती आहे, ती रेघ एकदा पुन्हा नीट पाहा. कुणी मोडली हे पाहून झालं असेल. कोणत्या बाजूला मोडली, तेही पाहा.

सरांशी झालेल्या भेटीनंतर आठवड्याभरानं व्हरायटी चौकात सिग्नल लागलेला असताना सुशीलचा मोबाईल वाजला. हिमानीनं फोटो पाठवला होता. सोबत एक अक्षरही नव्हतं. सुशीलनं दोन बोटांनी तो मोठा केला आणि पडदा माझ्या समोर आला. पाच वर्षांपूर्वीचा मी, ओला, डोक्यावर शेवाळ, आणि लाल रेघ. शेपटाच्या धातूवरचा तिचा तुकडा सरळ उभा होता. माझ्या डोक्यावरचा तुकडा पाव फेरा सरकून त्याच्या उजव्या बाजूला गेला होता.

सुशीलनं मला घट्टच केलं होतं.